चाली हरवलेल्या संगीतिकेच्या शोधात

लंडनमधल्या पाच दिवसांपैकी चार दिवस राजवाडे, पूल आणि संग्रहालये पाहण्यात गेले. त्यांविषयी लिहावे असे माझ्यापाशी काही नाही. पाचवा दिवस मी स्ट्रँड या रस्त्याच्या पूर्व टोकासाठी राखून ठेवला होता, कारण तेथील गेयटी थिएटरात २६ डिसेंबर १८७१ रोजी शब्दकार गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन या जोडीची पहिली संगीतिका, ‘थेस्पिस’, रंगमंचावर आली होती.

वृद्ध झालेले ऑलिंपसचे ग्रीक देव वर्षभरासाठी पृथ्वीवर उतरतात आणि आपला कारभार एका नाटकमंडळीवर सोपवतात, ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते. परंतु तालमी घाईत उरकल्या गेल्या, पहिला प्रयोग मध्यरात्र उलटेपर्यंत लांबला आणि प्रेक्षकांतून हुर्यो ऐकू आली. मार्च १८७२ मध्ये, ६३ प्रयोगांनंतर, खेळ थांबला. स्वरलिपी कधी छापलीच गेली नाही, त्यामुळे गिल्बर्टचे शब्द उरले आणि सलिव्हनच्या बहुतेक चाली नाहीशा झाल्या.

ते नाट्यगृह रस्तारुंदीकरणात गेले हे ठाऊक असूनही, बसगाड्यांच्या त्या गर्दीत उभे राहिल्यावर मन खट्टू झाले. पावसामुळे जवळच्या उपाहारगृहात शिरलो, तर चहाचा शेवटचा घोट घेताच टेबल रिकामे करण्यास सांगण्यात आले. परक्या शहरात भिजलेल्या माणसाला असे उठवणे मला फार लागले.

तेथून व्हिक्टोरिया एम्बँकमेंट गार्डन्समध्ये गेलो. सलिव्हनच्या अर्धपुतळ्याच्या चौथऱ्याला बिलगून एक कांस्यस्त्री रडते आहे. हे स्मारक १९०३ साली उभे राहिले, आणि गेयटीचे दरवाजे बंद झाले तेही त्याच वर्षी. पाऊस थांबला होता. ओल्या बाकावर बसून मी ‘थेस्पिस’ची संहिता मोठ्याने वाचू लागलो. नाटकमंडळी डोंगर चढून येते त्या वृंदगानापाशी मात्र माझा आवाज आपोआप सुरात गेला, कारण ते गाणे पुढे याच जोडीच्या १८७९ च्या ‘पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ या संगीतिकेमध्ये घेतले गेले आणि म्हणूनच वाचले. मग नाटकमंडळीचा प्रमुख थेस्पिस याचे पद आले: नोकरांशी अतिसलगीने वागून रेल्वे कंपनी बुडवणाऱ्या अध्यक्षाचे. मूळ प्रयोगात वाद्यवृंदाने त्याला रेल्वेची घंटा आणि शिट्टी यांची साथ दिली होती. त्याची चाल कोणापाशीच नाही. मी कडव्यामागून कडवे नुसते वाचत गेलो, आणि पलीकडे हंगरफर्ड पुलावरून चेरिंग क्रॉस स्थानकाकडे रेल्वेगाड्या खडखडत जात होत्या.