तांबट आळीतला माझा पहिला माहितीपट

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीकडे वळलं की भांडी दिसायच्या आधी ठोके ऐकू येतात. पेशवाईत कोकणातून येऊन वसलेल्या तांबटांचं मठारकाम हा माझ्या पहिल्या छोट्या माहितीपटाचा विषय. घडवलेल्या भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने ठोके देत जायचे. प्रत्येक ठोक्याचा चकाकता ठसा उमटतो आणि तांबं कठीण होत जातं.

पहिल्या कटमध्ये हे सगळं मी निवेदनातून सांगितलं होतं आणि मागे सतार लावली होती. ज्यांच्या कारखान्यात शूटिंग केलं त्या काकांना तो दाखवला. शेवटपर्यंत पाहून ते म्हणाले, "छान झालंय गं, पण माझा ठोका कुठाय यात? आम्ही तर कानानेच काम करतो."

मग त्यांनी दाखवूनच दिलं. भांडं लोखंडी दांड्यावर अडकवलं. पत्रा आतून दांड्याला नीट टेकला होता तेव्हा ठोका खणखणीत वाजला. भांडं जरासं सरकवलं, तर तीच हातोडी, तोच हात, पण आवाज बद्द. असा बद्द ठोका पडत राहिला तर पत्र्याला पोचे येतात. पाच मिनिटांच्या निवेदनात न मावलेली गोष्ट दोन ठोक्यांत कळली.

त्या दिवसापासून माहितीपट आवाजावर उभा करायचं ठरवलं. मोबाइलचा माइक मोठा आवाज आला की आपोआप पातळी खाली आणतो आणि शांततेत पंख्याची घरघर वर उचलतो, त्यामुळे सगळे ठोके एकसारखे चपटे ऐकू येतात. मैत्रिणीचा रेकॉर्डर आणला, त्यातली ऑटो पातळी बंद केली आणि सगळ्यात जोरकस ठोकाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी हाताने लावली (रेकॉर्डरवर शून्याच्या वर गेलं की आवाज फाटतो). काम थांबल्यावर रिकाम्या कारखान्याचा आवाजही घेतला. दोन तुकड्यांमधली भेग बुजवायला तो फार उपयोगी पडतो.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्या तालात ट्यूब लुकलुकते; त्या तालाशी जुळावं म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवलं. पट्टे गेले.

खरी मजा संकलनात आली. सतार काढली, निवेदन जवळजवळ सगळं कापलं. ठोका आधी ऐकू येतो आणि मग हातोडी दिसते, अशी सुरुवात केली. ठोकून कडक झालेलं तांबं मऊ करायला भट्टीत लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात. तिथे 'चर्रर्र' आवाज पूर्ण विरेपर्यंत चित्र थांबवलं. खणखणीत आणि बद्द ठोकाही एकामागोमाग ठेवले, मध्ये एक शब्द नाही. नवा कट पाहताना काकांची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. मला आजवर मिळालेली ही सगळ्यात मोठी पावती.

आता कल्हईचा भाग करायचाय. तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो आणि ऑटोफोकस भरकटतो, म्हणून फोकस आधीच भांड्याच्या काठावर लॉक करणार आहे. रेकॉर्डर मात्र भट्टीच्या भात्यापासून लांब ठेवावा लागेल.