आमची वाटचाल : सातबाऱ्यापासून सर्व्हरपर्यंत

वरूडच्या बसस्टँडजवळच्या गाळ्यात आम्ही बसलो ते झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांवर. वेबसाइटचं पहिलं गिऱ्हाईक शेंदुरजनाघाटचं. तिथे संत्रा कलमांच्या नर्सऱ्याच नर्सऱ्या. एका नर्सरीवाल्या भाऊंना मोबाइलवर पाठवता येईल असं दरपत्रक हवं होतं. जंभेरीवरचं कलम, रंगपूर लिंबूवरचं कलम, भाव आणि फोन नंबर. बस.

पुढच्या हंगामात भाऊंनी जुनं दरपत्रक काढून नवं टाकलं, पण ग्रुपांवर जुनीच लिंक फिरत होती. ती दाबली की पांढऱ्या पानावर ‘नॉट फाउंड’ आणि खाली अपाचेची (साइट चालवणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरची) इंग्रजी ओळ. भाऊंचा फोन आला, "थे इंग्रजीत काय येऊन राह्यलं? लोक इचारून राह्यले, नर्सरी बंद केली का म्हणून!"

आमच्या धंद्याला वळण लागलं ते तिथून.

दरपत्रकाचा प्रश्न सोपा होता, जुना पत्ता ३०१ ने, म्हणजे ‘पान कायमचं हललं’ या कोडने, नव्या पानाकडे वळवला. पण लोक अर्धीच लिंक कॉपी करतात, अक्षर चुकवतात. त्यांच्यासाठी ४०४ चं, म्हणजे ‘नॉट फाउंड’चं, आपलं एरर पेज लागतं. अपाचेवर ते एका ओळीचं काम आहे : एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘एररडॉक्युमेंट’, मग ४०४, मग पानाचा पत्ता. हा पत्ता तिरप्या रेघेनेच सुरू करायचा. एचटीटीपीपासून पूर्ण पत्ता टाकला, तर सर्व्हर ४०४ न सांगता ब्राउझरला त्या पानाकडे पाठवून देतो, तिथे २०० (‘सगळं ठीक’चा कोड) मिळतो आणि नसलेलं पान आहेच असा गूगलचा समज होतो.

मजकुरावर मात्र आम्ही बसलो. ‘क्षमस्व, त्रुटी आढळली’ असलं सरकारी मराठी नको होतं. शेवटी लिहिलं : ‘हे पान इथे नाही. नर्सरी चालू आहे. भावासाठी फोन करा.’ खाली दाबताच लागणारा नंबर. फोटो एकही नाही, कारण वावरात रेंज दोन दांड्यांची. आणि पानात यूटीएफ-८ ही अक्षरांची पद्धत नमूद करायचीच. सर्व्हर हेडरमध्ये, म्हणजे पानाआधी पाठवलेल्या माहितीत, दुसरंच काही सांगत असेल तर तेही बदलायचं, कारण ब्राउझर हेडरचं आधी ऐकतो. तसं न केल्यास मराठीच्या जागी नुसती किडामुंगी दिसते.

तेव्हा आम्ही ज्या होस्टिंग कंपनीकडे होतो, ती दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या चुकलेल्या पत्त्यांवर स्वतःच्या जाहिराती दाखवायची. कृषी सेवा केंद्राच्या नावाखाली परदेशी डोमेन विक्री! असलं पाहून आम्ही स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला आणि अपाचे सोडून इंजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर गेलो. तो एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही, त्यामुळे सगळं ‘एरर_पेज’च्या ओळींत पुन्हा लिहावं लागलं. पानाच्या लोकेशनला ‘इंटर्नल’ लावलं की ते कोणाला थेट उघडता येत नाही.

खरी गंमत ५०२ ची, म्हणजे सर्व्हरला मागच्या प्रोग्रामकडून धड उत्तर न मिळाल्याच्या कोडची. पहिल्या पावसानंतर कलमांची चौकशी वाढते, साइटची पानं तयार करणारं पीएचपी दम टाकतं आणि इंजिनएक्स एकटाच उभा राहतो. अशा वेळी वर्डप्रेसमधलं देखणं एरर पेज काय कामाचं? तेही पीएचपीवरच चालतं. म्हणून ५०० च्या घरातली, म्हणजे सर्व्हरकडच्या बिघाडाची, पानं साध्या एचटीएमएलची, सर्व्हरच्या डिस्कवर ठेवलेली. देखभालीसाठी साइट मुद्दाम बंद ठेवली तर ५०३ आणि सोबत किती वेळाने परत यायचं ते सांगणारा ‘रिट्राय-आफ्टर’चा हेडर. बदल केला की आधी ‘इंजिनएक्स -टी’ने तपासायचं, मगच रीलोड.

गाळ्यातलं झेरॉक्स मशीन अजून आहे, कारण भाडं त्यातूनच निघतं. एरर पेजचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही. मागितले तर कोणी देणारही नाही.

सध्या एका जिनिंगचं काम चालू आहे. ते कापसाचा रोजचा भाव साइटवर टाकतात. जुन्या तारखांची पानं ठेवायची, की ४१० देऊन कायमची काढायची, यावर शेठजींशी बोलणं अडलंय. शेतकऱ्यांना मागच्या महिन्याचा भाव दिसूच नये, असं त्यांचं म्हणणं.