पोस्टातलं पाकीट आणि कलम ९२

पोस्टमन बीटवर निघायच्या गडबडीत होते, तेवढ्यात साध्या वेषातले दोघे माझ्या टेबलापाशी आले. परगावच्या तपास पथकाचे पीएसआय आणि हवालदार. हातात कलम ९१ची, म्हणजे कागदपत्रं हजर करायला सांगणारी नोटीस. एका पत्त्यावर आलेलं स्पीड पोस्टचं पाकीट हवं, शिवाय त्या घरच्या तीन महिन्यांच्या सगळ्या डिलिव्हरी स्लिपा.

"देशाच्या सुरक्षेचा मामला आहे, पोस्टमास्तर. वेळ घालवू नका."

फौजदारी प्रक्रिया संहितेचं पुस्तक माझ्या खणात असायचंच. ९१चं तिसरं उपकलम त्यांच्यापुढे धरलं. पत्र, पोस्टकार्ड, पार्सल, टपाल खात्याच्या ताब्यातला कुठलाही कागद या नोटिशीवर मागता येत नाही. त्यासाठी ९२. जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र किंवा उच्च न्यायालय यांचा हुकूम हवा. एसपींनी लिहून दिलं तर हुकूम येईपर्यंत टपाल अडवून ठेवता येतं, द्यायचं मात्र नाही.

"मोबाइल कंपन्या ई-मेलवर सीडीआर देतात आम्हाला!" पीएसआय वैतागले.

खोटं नव्हतं. सीडीआर म्हणजे कॉलच्या नोंदी. कोण कुणाशी किती वेळ बोललं हे न्यायाधीशाला न विचारता कळतं आणि पन्नास पैशांच्या पोस्टकार्डाला कोर्टाचं कवच! मला हसू येत होतं, पण साहेब भलतेच तापलेले.

डाक अधीक्षकांना फोन केला. "कायद्यात आहे तेच करा," एवढंच म्हणाले. दुपारी एसपी ऑफिसचं पत्र आलं, पाकीट नोंद करून तिजोरीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम आला: पाकीट द्या, स्लिपा फक्त संशयिताच्या नावाच्या. घरात चार माणसं, संशय एकावर, मग बाकीच्यांचं टपाल कशाला, असं कोर्टात विचारलं गेलं म्हणे. चहा घेताना पीएसआयनीच सांगितलं. तपास काही बुडाला नाही.

ते ९२ आता नव्या संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ९५ झालंय. पण १८ जून २०२४पासून टपालाचा कायदाही नवा आहे. त्याच्या कलम ९नुसार केंद्राने नेमलेला अधिकारी सुरक्षेच्या कारणावरून टपाल अडवू, उघडू शकतो. त्यात दंडाधिकारी नाही. १८९८च्या कायद्यातही असं कलम होतं म्हणा. ते रुंद करणारं १९८६चं विधेयक संसदेत मंजूर झालं, तरी राष्ट्रपती झैलसिंगांनी त्यावर सही केली नव्हती.

माझ्या खुर्चीवर आता ज्या बाई बसतात, त्यांनी आधी एवढंच बघायचं: समोरच्याने आणलेला कागद संहितेखालचा आहे की टपाल कायद्याच्या कलम ९खालचा.