दार उचलून का लावावे लागते?

नाशिकमध्ये जुनी गाडी घेऊन मी कोठेही थांबलो, मग तो गंगापूर रोडवरचा पेट्रोल पंप असो की पंचवटीतले एखादे लग्नघर, गाडी पाहायला आलेल्यांपैकी कोणीतरी दार उघडून अलगद लावून पाहतो आणि विचारतो, "आमच्या फियाटचे दार उचलून आपटल्याशिवाय लागत नाही, तुमचे कसे लागते?" प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा लॉक बदलावे का, एवढेच जाणून घ्यायचे असते. माझे उत्तर मात्र लॉकापासून सुरू होत नाही, आणि रस्त्यावर उभ्या उभ्या ते पुरे सांगताही येत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

माझी गाडी पद्मिनी आहे. फियाट ११०० डी या गाडीवर बेतलेली ही मोटार प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागली आणि पुढे १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. आज रस्त्यावर दिसणारी सर्वांत अलीकडची पद्मिनीसुद्धा वीस वर्षांच्या पुढची आहे. इतकी वर्षे दाराचा जाड पत्रा, आतली काच आणि ती वर-खाली करणारी यंत्रणा हे सारे ओझे दोन बिजागऱ्यांच्या पिनांवर लटकत आले आहे. दोन बिजागऱ्यांमध्ये ३५ सेंटिमीटर अंतर आहे आणि दाराची लांबी एक मीटर आहे, असे धरा. वरच्या बिजागरीत फक्त एक मिलिमीटर ढिलाई आली, तरी दाराचे लॉकाकडचे टोक सुमारे तीन मिलिमीटर खाली येते. म्हणून झीज एका टोकाला होते आणि त्रास दुसऱ्या टोकाला जाणवतो.

शिवाय दार सरळ खाली उतरत नाही, ते फिरते. पुढे बिजागरी असलेल्या दाराची वरची बाजू मागे सरकते आणि खालची बाजू पुढे. त्यामुळे मडगार्डाजवळची फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसते, तर मागच्या कडेला नेमके उलटे दिसते. या दोन फटी नीट पाहिल्या की दार कोणत्या बाजूला कलले आहे, ते पाना हातात घेण्याआधीच कळते.

त्यानंतर दार निम्मे उघडावे, लॉकाच्या बाजूने खालून धरून हलकेच वर उचलावे आणि सोडावे. दुसऱ्या माणसाने या वेळी फक्त बिजागरीकडे पाहावे. पिनेभोवतीच हालचाल दिसली तर पिन किंवा तिचे भोक झिजले आहे. बिजागरी आहे तशी राहून तिची पट्टी खांबावर, म्हणजे बॉडीच्या ज्या उभ्या भागाला दार टांगलेले असते त्यावर, हलत असेल, तर बोल्ट सैल आहेत, किंवा खांबाचा पत्राच तडकला आहे. काहीच हलत नसेल आणि तरीही फटी चुकीच्या असतील, तर संशय खुद्द बॉडीवर घ्यावा. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते, बॉडीच सारा भार पेलते, आणि दाराखालची सिल हा त्यातला मोठा आधार असतो. गाडी एका बाजूने जॅकवर उचलताना त्याच बाजूच्या दाराची फट डोळ्यांदेखत बदलली, तर सिल आतून गंजली आहे, असे समजावे.

हे काहीही न पाहता अनेक ठिकाणी पहिला हात पडतो तो खांबावरच्या स्ट्रायकरवर, म्हणजे लॉक ज्यात अडकते त्या तुकड्यावर. दार खाली आले आहे ना, मग स्ट्रायकर खाली घ्या, असा हिशेब असतो. दार त्या दिवशी लागते आणि मालक खूश होऊन जातो. पण झिजलेली पिन झिजतच राहते, दार आणखी खाली येते, आणि एक दिवस स्ट्रायकरला खाली सरकायला जागाच उरत नाही. तोवर दाराच्या खालच्या कडेने सिलचा रंग खरवडून काढलेला असतो आणि तेथे गंज बसलेला असतो. चांगल्या गाड्यांची ही दशा पाहिली की मला मनापासून वाईट वाटते. बिजागरीत लाकडी ठोकळा अडकवून दार दाबण्याचा उपाय तर मी कोणालाच सुचवणार नाही.

पिन काढणे हे या कामातले सर्वांत चिवट काम. आदल्या रात्री बिजागरीवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. दाराखाली जॅक, त्यावर फळी आणि तिच्यावर घडी घातलेली जुनी चादर असावी, म्हणजे दाराचे वजन पिनेवर राहत नाही. बाहेर आलेली पिन बोटांत फिरवून पाहिली की सगळा उलगडा होतो: टोकांना ती मूळ जाडीची असते आणि मध्ये, जेथे दाराची पट्टी तिच्यावर टेकत होती तेथे, चकचकीत आणि बारीक झालेली असते. समोरचे भोकही गोल न राहता अंड्यासारखे लांबट झालेले असते. अशा भोकात नवी पिन मूळ मापाचीच घातली, तर ढिलाई बरीचशी तशीच राहते. भोक रीमरने थोडे मोठे आणि पुन्हा गोल करून त्या मापाची पिन लेथवर काढून घ्यावी, किंवा भोकात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवावे. पिन एका पट्टीत घट्ट आणि दुसरीत मोकळी फिरणारी हवी. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे एकच पिन करून देणारा कारागीर नाशिकमध्ये सापडतो, हे आपले भाग्यच आहे.

सिलचे दुखणे याहून मोठे. नाशिकच्या पावसाळ्यात काचेवरून ओघळणारे पाणी दारात उतरते आणि दाराच्या तळाशी असलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडते. ही भोके धूळ-पाल्याने बुजली की दार आतून कुजते, आणि साठलेल्या पाण्याने जडही होते. सिल कापून नवी जोडायची असेल, तर दाराच्या चौकटीत आधी आडवी सळई वेल्ड करून घ्यावी आणि मधूनमधून दार लावून फटी पाहाव्यात, नाहीतर बॉडी वाकलेल्या अवस्थेतच पक्की होते. पद्मिनीच्या आधीच्या ज्या फियाटला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात, तिच्या मालकांनी मधला खांब तळापासून तपासावा, कारण तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागे असल्याने ती उलटी उघडतात आणि एकाच खांबावर दोन दारांचा भार असतो.

जुळवणी करताना स्ट्रायकर काढूनच ठेवावा, म्हणजे लॉक दाराला उचलून धरून आपली दिशाभूल करत नाही. काच दारात असावी, कारण तिच्या वजनाने दाराची बैठक बदलते. आधी मागचे दार बॉडीशी जुळवावे, मग पुढचे दार मागच्या दाराशी, आणि मडगार्ड सर्वांत शेवटी. चार-पाच मिलिमीटरची फट सगळीकडे सारखी मिळाली तर उत्तमच. पण या गाड्या कारखान्यातूनही आजच्या गाड्यांइतक्या काटेकोर निघत नव्हत्या, त्यामुळे एखाद्या मिलिमीटरसाठी पत्रा ठोकत बसू नये.

हे झाल्यावर स्ट्रायकर असा बसवावा की लॉक त्यात शिरताना दार वरही जाणार नाही आणि खालीही येणार नाही. दाराच्या कडेची रबरी पट्टी, म्हणजे बीडिंग, त्यानंतर लावावे. नवे बीडिंग जाड निघाले तर दार बाहेर राहते आणि सारी जुळवणी बिघडली असे वाटते. अशा वेळी बिजागरीला हात न लावता कागदाची पट्टी दारात धरून ती ओढून पाहावी. ती सगळीकडे सारख्या ताणाने निघाली, तर रबर काही दिवसांत आपोआप दबते. एकाच जागी घट्ट अडकली, तर तेवढे बीडिंग बदलावे. पिनांना मात्र पावसाळ्याआधी आणि नंतर तेलाचे दोन थेंब द्यावेत.