समुद्री मासोळीतले जंत: कापताना काय बघायचं, तळताना काय पाळायचं

बांगड्याचं पोट फाडल्यावर यकृतावर किंवा आतड्याला बाहेरून चिकटलेली पांढरट, चपटी गुंडाळी दिसली, घड्याळातल्या स्प्रिंगसारखी, तर तो बहुतेक अनिसाकिस नावाचा जंत. गुंडाळी जेमतेम हरभऱ्याच्या डाळीएवढी असते. सुरीच्या टोकानं उलगडली की 2 ते 3 सेंटीमीटरचा, शिवणाच्या दोऱ्यासारखा जंत निघतो. आपल्याकडे हे दिसलं की लगेच 'मासोळी सडली' म्हणून अख्खी पिशवी फेकली जाते. पण हा जंत मासा समुद्रात पोहत होता तेव्हापासूनच त्याच्या पोटात होता. पूर्ण वाढलेले जंत डॉल्फिन आणि देवमाशांच्या जठरात राहतात, त्यांची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात, अळ्या आधी कोळंबीसारख्या बारीक जीवांत जातात आणि तिथून माशांत. अगदी ताज्या माशातही ते सापडतात.

सडण्याची खूण वेगळी. माशीच्या अळ्या जाडसर आणि आखूड असतात, एका टोकाला निमुळत्या, आणि त्या कल्ल्यांत, तोंडात किंवा जखमेवर वळवळताना दिसतात. तसा मासा घेऊच नका, धुऊनही नको. दुसरा घोळ जठराजवळच्या झुबक्याचा. बांगड्याच्या जठराच्या टोकाला बारीक पांढरट नळ्यांचा गुच्छ असतो, पहिल्यांदा बघणाऱ्याला तो जंतांचा पुंजकाच वाटतो. तो माशाच्या पचनसंस्थेचा भाग आहे. ओळखायची युक्ती सोपी: या नळ्या एका टोकाला आतड्याला जोडलेल्या असतात आणि ओढल्या की तुटतात. जंत सुटा निघतो. पोटाच्या आतलं काळं अस्तरही बांगड्याचं नेहमीचंच.

नागपूरसाठी खरी अडचण अंतराची आहे. मुंबईहून रेल्वेनं आठशेहून जास्त किलोमीटर, आणि बांगडा-पापलेट सहसा आतडी न काढता अख्खेच बर्फात येतात. मासा मेल्यावर अनिसाकिसच्या काही अळ्या पोटाच्या पोकळीतून मांसात शिरतात, बहुतेक पोटाकडच्या पातळ भागात. बर्फ वितळला, मासा कोमट झाला की त्यांची हालचाल वाढते. म्हणून मासा भोईपुऱ्याच्या बाजारात घ्या नाहीतर मंगळवारी बाजारात, तिथेच पोट साफ करून मागा. 'घरी जाऊन करू' असं मे महिन्यात तर अजिबात नको, 45 अंशांत अर्ध्या तासाचा रस्तासुद्धा पुष्कळ झाला. डब्यात बर्फ न्या. घरी आल्यावर पोटाच्या कडेची सेंटीमीटरभर पातळ पट्टी कापून टाका, पोकळी वाहत्या पाण्याखाली बोटानं घासा. काढलेली आतडी मांजराला कच्ची घालू नका.

पापलेट किंवा घोळीसारख्या पांढऱ्या मांसाचा पातळ तुकडा काचेच्या ताटलीवर ठेवून खालून मोबाइलचा टॉर्च लावा, गुंडाळी सावलीसारखी उठून दिसते. बांगड्याच्या गडद मांसात ही युक्ती चालत नाही. कल्ल्यात एखादा कवचाचा किडा बसलेला दिसला तर काढून टाका, त्याचा माणसाला त्रास नाही.

आता चूल. जंत मारायला तुकड्याच्या मधोमध 60 अंश सेल्सिअस तापमान किमान एक मिनिट राहायला हवं. लिंबू, हळद-मीठ, व्हिनेगर यांत तासभर मुरवून अळी मरत नाही. सावजीचा काळा मसाला कितीही जहाल असला तरी त्याचं तिखटपण कामाचं नाही, उकळी कामाची. रश्श्यात तुकडे आठ-दहा मिनिटं खदखदले की झालं. धोका तव्यावर असतो. सुरमईचा अडीच सेंटीमीटर जाडीचा तुकडा मोठ्या आचेवर टाकला की दोन मिनिटांत रवा लाल होतो आणि काट्याजवळ मांस कच्चंच राहतं. मध्यम आच, वर झाकण, एका बाजूला चार-पाच मिनिटं. अख्ख्या बांगड्याला दोन्ही बाजूंनी काट्यापर्यंत तीन-तीन चिरा द्या. मांस काट्यापासून सहज सुटलं आणि काचेसारखी झाक जाऊन पांढरं झालं की शिजलं.

फ्रीजरचा भरवसा फार जण ठेवतात. अमेरिकेतल्या अन्न व औषध प्रशासनाचा कच्च्या माशासाठीचा नियम उणे 20 अंशांला 7 दिवस असा आहे. आपला एकदारी फ्रीजवरचा बर्फाचा कप्पा दिवसातून दहादा उघडला जातो, उन्हाळ्यात वीज जाते, तिथे हे तापमान सलग टिकत नाही. खालच्या कप्प्यातल्या 4 अंशांत तर अळ्या मजेत जगतात. त्यामुळे बाजारातला मासा घरी गोठवून कच्चा खायचा विचारच करू नका. सुशी खायचीच असेल तर मासा कुठे आणि किती गोठवला होता हे हॉटेलवाल्याला स्पष्ट विचारा.

कच्चा किंवा अर्धवट मासा खाल्ल्यावर काही तासांत पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टरांना कच्च्या माशाचं आवर्जून सांगा. जठरात रुतलेली अळी दुर्बिणीनं दिसते आणि चिमट्यानं काढता येते, पण डॉक्टरांच्या मनात ती शंका यायला हवी. आणि मासोळी नीट शिजवूनही अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील, तर अनिसाकिसची ॲलर्जीही तपासायला सांगा: त्याची काही प्रथिनं उष्णतेनं नष्ट होत नाहीत, मेलेल्या जंताचीही रिॲक्शन येऊ शकते.