विधेयक मंजूर झाले, त्यानंतर

मागच्या उन्हाळ्यात औसा तालुक्यातल्या आमच्या शेताशेजारी रात्री अकराच्या सुमारास बोअरची गाडी लागली. गाडी तमिळनाडूची आहे हे पाटीवरून दिसत होते. पाणाड्याने नारळ फिरवून दाखवलेल्या जागी पहिले चाळीस फूट मुरूम लागला, मग काळा पाषाण. दीडशे फुटांवर थोडा ओला गाळ येऊन गेला आणि त्यानंतर पहाटेपर्यंत नुसता राखेसारखा फुफाटा उडत राहिला. शेजारचे तात्या डोक्याला उपरणे गुंडाळून बांधावर बसले होते आणि दर वीस-पंचवीस फुटांनी आकडा विचारत होते. सातशे वीस फुटांवर गाडी थांबली. पाणी लागले म्हणून नव्हे, तात्यांकडचे पैसे संपले म्हणून.

मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करतो आणि तात्यांना ते माहीत आहे. सकाळी चहा पिताना त्यांनीच विचारले, "वकीलसाहेब, एवढं खोल पाडायला बंदी हाय म्हणं. मग गाडी आली कशी?" त्यांचा प्रश्न तिरकस नव्हता. बंदी आहे, हे त्यांनी कधीतरी माझ्याच तोंडून ऐकले होते.

बंदी खरोखरच आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमात 60 मीटर किंवा त्याहून अधिक खोलीच्या विहिरीला खोल विहीर म्हटले आहे आणि शेतीसाठी किंवा उद्योगासाठी अशी विहीर घेण्यास मनाई केली आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आत. तात्यांची बोअर त्याच्या साडेतीनपटीहून खोल गेली होती. बोअरच्या गाड्यांची नोंदणी झाली पाहिजे, असेही हाच कायदा सांगतो. परंतु या कायद्याचा प्रवास वर्षांच्या हिशेबात पाहिला, म्हणजे तात्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. विधिमंडळाने विधेयक मंजूर केले 2009 मध्ये. राष्ट्रपतींची संमती येऊन ते राजपत्रात उमटले 2013 च्या अखेरीस. अंमल सुरू झाला 1 जून 2014 पासून. आणि नियमांचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी प्रसिद्ध झाला तो 2018 च्या जुलैमध्ये. मधल्या काळात मराठवाड्याने 2012 चा दुष्काळ पाहिला, लागोपाठ कोरडी गेलेली 2014 आणि 2015 ही वर्षे पाहिली, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी लातूरच्या स्थानकात उतरतानाही पाहिले. त्या सगळ्या काळात कायदा मंजूर झालेलाच होता.

त्या दिवसापासून मी एक जुने रजिस्टर वेगळे काढले आणि त्यात अशी विधेयके टिपू लागलो. बातमी 'विधेयक मंजूर' या दोन शब्दांवर संपते. माझ्या रजिस्टरात त्यापुढे चार रकाने आहेत: संमती, राजपत्र, अंमलाची तारीख, नियम. न्यायालयासाठी पाचवा रकाना नंतर आखावा लागला.

संमतीचा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, हे मला आधी माहीत नव्हते असे नाही, पण किती वेळ लागू शकतो याची कल्पना नव्हती. गोवंश हत्याबंदीची सुधारणा 1995 मध्ये विधिमंडळाने मंजूर केली आणि तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली मार्च 2015 मध्ये. जन्माला आलेले पोर मतदार होईपर्यंत कागद दिल्लीत होता. 1976 च्या मूळ कायद्यात गायीपुरती असलेली बंदी या सुधारणेने बैल आणि वळूंनाही लागू केली. ती अमलात आली नेमकी त्याच दुष्काळाच्या मध्यात, जेव्हा आमच्याकडे कडब्याची पेंढी परवडत नव्हती आणि म्हातारा बैल बाजारात नेला तर गिऱ्हाईक मिळत नव्हते. कायद्याच्या हेतूबद्दल ज्याचे त्याचे मत असेल. परंतु वीस वर्षांपूर्वीच्या शेतीकडे पाहून केलेला मजकूर वीस वर्षांनंतरच्या गोठ्याला तसाच लागू झाला, ही गोष्ट मला विचित्र वाटते. पुढे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हत्येवरील बंदी कायम ठेवली आणि राज्याबाहेरून आलेले मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले.

शक्ती विधेयकाचा रकाना तर कोराच राहिला. महिला आणि बालकांवरील अत्याचारांसाठी कडक शिक्षा सुचवणारे हे विधेयक डिसेंबर 2020 मध्ये मांडले गेले, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि डिसेंबर 2021 मध्ये मंजूर झाले. फौजदारी कायदा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असा विषय असल्याने केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद राज्याला करायची असेल, तर राष्ट्रपतींची संमती लागते, आणि ती मिळाली नाही. तरीही एखादी भयंकर घटना घडली की 'शक्ती कायद्याखाली गुन्हा का नोंदवत नाहीत' असे विचारणारे लोक माझ्याकडे येतात. जो कायदा झालाच नाही त्याखाली गुन्हा नोंदवता येत नाही, हे समजावताना मलाच अपराध्यासारखे होते.

विधिमंडळाचा ठराव आणि विधेयक यांतला फरक आमच्या भागाला फार महागात पडला आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी 27 जुलै 1978 रोजी संमत केला. त्यानंतर गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी. ठरावाला कायद्याचे बळ नसते, एवढे एक वाक्य पाठ्यपुस्तकात वाचून सोडून देता येते; इथे त्या वाक्याच्या दोन टोकांमध्ये जवळपास साडेपंधरा वर्षे आहेत.

मराठा आरक्षणाची नोंद मला दोन पानांवर करावी लागली. नोव्हेंबर 2018 मध्ये 16 टक्क्यांचे विधेयक एकमताने मंजूर झाले, तेव्हा आमच्या चौकात गुलाल उधळला गेला. जून 2019 मध्ये उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण टक्का शिक्षणात 12 आणि नोकऱ्यांत 13 असा खाली आणला. 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दच केला. मग जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीचे आंदोलन झाले आणि 20 फेब्रुवारी 2024 च्या विशेष अधिवेशनात 10 टक्क्यांचे विधेयक पुन्हा एकमताने मंजूर झाले. गुलाल दुसऱ्या वेळी कमी होता. एकमताने मंजूर झालेल्या विधेयकावर सभागृहात फारशी चर्चा होत नाही आणि न झालेली ती चर्चा पुढे न्यायालयात वर्षानुवर्षे चालते, असे माझे निरीक्षण आहे. सहकारी वकिलांना ते पटत नाही.

सगळीच पाने अशी नाहीत. 1972 च्या दुष्काळात माझ्या आजीने खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि मिलोच्या लाल भाकरी थापल्या. त्या कामांना तेव्हा कायद्याचा आधार नव्हता, ती सरकारची योजना होती. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी त्या योजनेचा पाठपुरावा केला, 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर याच खर्चासाठी बसवलेला आहे, हे सांगितले की आजही लोक चकित होतात. केंद्राचा रोजगार हमीचा कायदा त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने, 2005 मध्ये आला. येथे काम आधी सुरू होते आणि कायदा मागून आला. कदाचित म्हणूनच तो कागदावर राहिला नाही.

पाण्याच्या दुसऱ्या कायद्याचे अर्धेच सांगता येते. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात तुटीच्या वर्षी नदीखोऱ्यातील पाणी समन्यायी पद्धतीने वाटण्याची तरतूद आहे, म्हणजे वरच्या धरणांनी भरून घ्यायचे आणि खालच्याने आभाळाकडे पाहायचे, असे होऊ नये. परंतु मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य जल परिषदेची पहिली बैठक 2015 साली झाली. नाशिक आणि नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि सप्टेंबर 2016 मध्ये न्यायालयाने समन्यायी वाटपाच्या बाजूने निर्णय दिला. आता दरवर्षी 15 ऑक्टोबरला नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, 65 टक्के पाणी आहे की नाही, याकडे पैठणपासून परभणीपर्यंत लोक डोळे लावून असतात. कायद्यातले कलम शेतकऱ्याला आकड्यानिशी तोंडपाठ असल्याचे हे मला माहीत असलेले एकमेव उदाहरण आहे.

तात्यांच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर मी त्यांना दिले नाही. ते असे, की त्या दिवशी मी संबंधित कार्यालयात सहज चौकशी केली तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी, कारवाई नेमकी कोणी करायची हे आपल्याला कळवलेले नाही, असे सांगितले आणि उलट मलाच विचारले की माझ्या शेतात किती फुटांवर पाणी लागले. साडेचारशे, असे मी खरे ते सांगितले. बोअर 2015 च्या मे महिन्यातली आहे आणि रजिस्टरात ती मी कुठल्याच रकान्यात लिहिलेली नाही.