दावे, खुंटा आणि सहावे प्रवचन

गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या चार-पाच जणींनी मला एकच प्रश्न विचारला. ध्यान शिकायची इच्छा आहे, धुळ्यात घराजवळ कोणी शिकवणारे माहीत नाही, तर सुरुवातीला कोणते पुस्तक घ्यावे? प्रत्येकीला फोनवर उत्तर देताना काही ना काही सांगायचे राहून गेले, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे. मी शाळेत गणित शिकवते. ध्यान शिकवण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. मात्र गेली सात वर्षे मी ते नियमाने करते आहे आणि त्याआधी दीड वर्ष त्याविषयी केवळ वाचत होते. या दोन काळांत जे अंतर आहे, त्याविषयीच मला मुख्यतः बोलायचे आहे.

आईला पक्षाघात झाला ते वर्ष. रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होण्याची भीती असे. झोप अशी तुकड्यातुकड्यांची झाल्यावर मी उशाशी पुस्तक ठेवू लागले आणि मनःशांती, ध्यान, सजगता या विषयांवर हाती येईल ते वाचू लागले. वाचताना बरे वाटत असे, ओळींखाली खुणा करत असे, पण आईचा खांदा धरून तिला वळवताना माझे मन सकाळच्या डब्यात, वीजबिलात, नाहीतर भावाशी झालेल्या जुन्या बोलण्यात असे. इतकी पुस्तके वाचून झाल्यावरही मी दहा मिनिटे स्वस्थ बसलेली नव्हते, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

मग एका मोठ्या शहरातल्या दोन दिवसांच्या शिबिराला पैसे भरून गेले. तिथे आम्हाला सांगण्यात आले की विचार थांबले तरच ध्यान लागले असे समजावे. माझे विचार अर्थातच थांबले नाहीत. आपली पात्रताच नाही, असे मनाशी धरून मी परतले आणि पुढे पाच-सहा महिने या विषयाकडे पाहिलेसुद्धा नाही. ज्यांनी ध्यान सोडून दिले आहे अशा कितीतरी लोकांनी मला नंतर नेमके हेच कारण सांगितले आहे, आणि त्याचे मला आजही मनापासून वाईट वाटते, कारण ही समजूत मुळातच चुकीची आहे.

त्यातून बाहेर काढणारे पहिले पुस्तक आमच्याच गावचे निघाले. विनोबांची ‘गीता-प्रवचने’ १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने झाली आणि सोबतच्या कैद्यांपैकी साने गुरुजींनी ती लिहून घेतली. घरात ते पुस्तक वडिलांच्या वेळेपासून होते, पण त्यातले सहावे प्रवचन ध्यानाविषयी आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्यात विनोबा तीन गोष्टी सांगतात: चित्ताची एकाग्रता, तिला पोषक अशी जीवनाची परिमितता आणि समदृष्टी. यांतली मधली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ध्यानावरच्या आजच्या पुस्तकांत ती सहसा अशा ठसठशीतपणे मांडलेली नसते. परिमितता म्हणजे खाणे, झोपणे, बोलणे, पाहणे, ऐकणे हे सारे मोजकेमापके असणे. दिवसभर डोळ्यांना आणि कानांना मोकाट सोडायचे आणि पहाटे वीस मिनिटे मनाने शहाण्यासारखे बसावे अशी अपेक्षा करायची, हे जमणारे नाही. मी पहिल्यांदा रात्री नऊनंतर मोबाइल बंद करून स्वयंपाकघरात ठेवू लागले ते हे प्रवचन वाचल्यावर. बसण्याला आरंभ त्यानंतर दोन आठवड्यांनी झाला.

दुसरा धडा पुस्तकातला नव्हता, निदान तेव्हा तरी तसे वाटले नाही. सुट्टीत माहेरी गेले असताना वडिलांनी नवा गोऱ्हा पहिल्यांदाच खुंट्याला बांधला होता. ओट्यावरून मी सकाळभर तेच पाहत होते. तो आधी जोर लावून ओढू लागला, मान वाकडी करून दाव्याला हिसके देऊ लागला, मग खुंट्याभोवती फिरत सुटला. फिरता फिरता दावे गुंडाळले जाऊन आखूड झाले आणि त्याचे तोंड खुंट्याला टेकले. तिथे तो थबकला, जरा वेळाने आपणच उलटा फिरला, दावे सुटे झाले आणि पुन्हा हिसके सुरू झाले. मी काठी घेऊन उठले, तेव्हा वडील म्हणाले, “मारू नको त्याले.” त्यांनी त्याच्यापुढे कडब्याची पेंढी टाकली आणि ते शेतात निघून गेले. तिसऱ्या प्रहरी गोऱ्हा खुंट्याला अंग लावून बसलेला होता.

आसोद्याच्या बहिणाबाईंनी मनाला उभ्या पिकातले ढोर म्हटले आहे, हे खानदेशात शाळकरी पोरालाही पाठ असते. कितीही हाकलले तरी ते फिरून पिकावरच येते. मला ती कविता लहानपणापासून येत होती, पण तिच्याकडे मी मनाविषयीची तक्रार म्हणूनच पाहत आले होते. ढोर परत पिकावर येते हे जितके खरे, तितकेच राखणारा त्याला परत हाकलतो हेही खरे. ध्यानाच्या बहुतेक पुस्तकांत मूळ सूचना एवढीच असते की श्वासाकडे लक्ष द्यावे, लक्ष गेले असे कळताच ते परत आणावे, आणि हे परत आणणे म्हणजेच अभ्यास. वीस मिनिटांत मन पन्नास वेळा गेले आणि पन्नास वेळा परत आणले, तर ती बैठक वाया गेली असे मुळीच नाही. व्यायामशाळेत वजन पन्नास वेळा उचलणाऱ्याला आपण अपयशी म्हणत नाही.

पुढे पाली ग्रंथांचे अनुवाद वाचू लागले, तेव्हा आमच्या गोठ्यातली गोष्ट तिथे लिहिलेली पाहून अंगावर काटा आला. पाचव्या शतकातले आचार्य बुद्धघोष ‘विशुद्धिमग्ग’ या ग्रंथात आनापान, म्हणजे श्वासोच्छ्वासाचे ध्यान, समजावताना रानटी वासराचा दृष्टांत देतात. गवळी त्याला आईपासून वेगळे करून भक्कम खुंट्याला बांधतो. ते इकडेतिकडे धडपडते, पळता येत नाही असे कळल्यावर त्याच खुंट्यापाशी बसते. खुंटा म्हणजे श्वास आणि दावे म्हणजे स्मृती, म्हणजेच भान. मज्झिम निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या संग्रहातल्या एकोणिसाव्या सुत्तात, द्वेधावितक्क सुत्तात, तर स्वतः बुद्ध गुराख्याचे उदाहरण देतात. पावसाळ्याच्या शेवटी पिके दाट उभी असतात तेव्हा गुराखी काठीने गुरांना अडवतो, वळवतो, कारण गुरे पिकात शिरली तर दंड त्यालाच भरावा लागेल; आणि उन्हाळ्यात पीक घरात आल्यावर तोच गुराखी झाडाखाली बसून ‘ही गुरे आहेत’ एवढे भान ठेवतो, त्याला आणखी काही करावे लागत नाही. दसऱ्याच्या सुमाराचे आणि वैशाखातले आमचे शिवार ज्याने पाहिले आहे, त्याला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. नवशिक्याला काठी हाती ठेवावी लागते, श्वास मोजावे लागतात, स्वतःला पुन्हा पुन्हा वळवावे लागते. झाडाखालचे दिवस नंतर येतात आणि तेही रोज येत नाहीत.

प्रत्यक्ष बसायला लागल्यावर सर्वाधिक उपयोग झाला तो श्रीलंकेचे भिक्खू हेनेपोला गुणरतन यांच्या ‘माइंडफुलनेस इन प्लेन इंग्लिश’ या पुस्तकाचा. इंग्रजी खरोखर सोपे आहे आणि इंटरनेटवर ते विनामूल्य वाचता येते. त्याची मोठी खूबी म्हणजे पाय बधिर होणे, झोप येणे, कंटाळा, भीती, बसावेसेच न वाटणे या अडचणींची त्यात एकेक करून चर्चा आहे. दुसऱ्या आठवड्यात माझा डावा पाय मुंग्या येऊन जड झाला की मी उठून जात असे; त्या प्रकरणामुळे त्या मुंग्यांकडेच थोडा वेळ पाहायला शिकले. व्हिएतनामी भिक्खू थिच न्हाट हान यांचे ‘द मिरॅकल ऑफ माइंडफुलनेस’ वेगळ्या जातीचे आहे. मुळात ते व्हिएतनाममधल्या सहकाऱ्याला लिहिलेले दीर्घ पत्र, त्यामुळे त्याचा सूर घरगुती आहे. भांडी स्वच्छ व्हावीत म्हणून घासणे आणि घासण्यासाठी म्हणून घासणे यांतला जो फरक ते सांगतात, तो मला आईच्या सेवेत उपयोगी पडला. कूस बदलायची म्हणजे आधी आपला श्वास, मग तिच्या खांद्याखाली हात, तळव्याला जाणवणारी तिच्या अंगाची ऊब, मग तिचा सुस्कारा. त्या दोन मिनिटांपुरती मी तिथे असे. पुढे आई गेली, तेव्हा त्या वर्षातले मला सर्वांत स्पष्ट आठवते ते हेच.

जॉन कबाट-झिन यांचे ‘फुल कॅटॅस्ट्रॉफी लिव्हिंग’ (१९९०) जाडजूड आहे आणि सलग वाचण्यासारखे नाही. त्यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्याचे ते विवरण. ज्यांना देवाधर्माच्या भाषेत ध्यान नको आहे, त्यांनी यापासून आरंभ करावा. त्यातला बेदाण्याचा पाठ प्रसिद्ध आहे: एक बेदाणा पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा पाहायचा, बोटांत फिरवायचा, वास घ्यायचा आणि सावकाश चावायचा. मी तो कळण्याच्या भाकरीच्या तुकड्यावर केला. ज्वारीचा गोडवा आधी येतो, उडदाचा चिकटपणा नंतर दातांना कळतो, मिठाची चव तर अगदी शेवटी. चाळीस वर्षे खात आलेल्या भाकरीत हा क्रम असतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते.

सजगता हा शब्द आता रूढ झाला आहे, त्याला माझा विरोध नाही. तरी पाली ‘सती’ म्हणजे आपली ‘स्मृती’, आठवण राहणे, हे कळल्यापासून मला ‘भान’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. आणि त्याहून जुना ‘अवधान’ तर आपल्याकडे होताच. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत ज्ञानदेव श्रोत्यांना सांगतात की अवधान तेवढे द्या, मग सर्व सुखाला पात्र व्हाल. लग्नात अंतरपाटासमोर आपण ‘सावधान’ म्हणतो, तोही त्याच घरातला शब्द.

पुस्तकांची मर्यादा मला इगतपुरीला कळली. विपश्यना ध्यान शिकवणारे सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले. मुंबई–आग्रा महामार्गावर असल्याने आम्हाला ते एका दिवसात गाठता येते. दहा दिवसांच्या त्या शिबिरात पुस्तक, वही, लेखणी, मोबाइल यांतले काहीही जवळ ठेवता येत नाही. पहाटे चारला घंटा, मौन, आणि पहिले साडेतीन दिवस नाकपुड्यांखालच्या इवल्याशा जागेवर श्वासाचा स्पर्श जाणण्याखेरीज दुसरे काम नाही. शुल्क घेत नाहीत. पूर्वी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालते. ज्या गोष्टींखाली मी वर्षभर खुणा करत होते, त्यांतल्या दोन-तीन तिथे चौथ्या दिवसापर्यंत अंगाला कळल्या. तरीही नवख्या माणसाने एकदम तिथे जावे, असे मी सांगत नाही. आधी तीन-चार महिने घरी रोज थोडे बसावे. ज्यांना तीव्र नैराश्य आहे किंवा मनावर मोठा आघात झालेला आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दीर्घ मौनाच्या शिबिराला जाऊ नये. अर्जात मानसिक आजाराविषयी विचारतात, तिथे काही लपवू नये. लांबलचक बैठकीत दडलेले पुष्कळ वर येते आणि ते सांभाळायला प्रत्येक वेळी आपण पुरेसे घट्ट असतोच असे नाही.

ऐकण्याच्या साधनांविषयी थोडक्यात. गोयंकाजींच्या आवाजातील आनापानाच्या छोट्या सूचना हिंदीत विनामूल्य मिळतात, सुरुवातीला त्या पुरेशा आहेत. ‘इनसाइट टायमर’ या अ‍ॅपवर वेळ लावून फक्त घंटा ऐकता येते. मी तेवढेच वापरते. रोज नव्या माणसाच्या आवाजात नवे मार्गदर्शन ऐकत राहिले, तर खुंटा रोज उपटून दुसरीकडे रोवल्यासारखे होते. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी घातल्या आहेत: दीर्घ काळ, अखंडपणे आणि सत्काराने, म्हणजे आदरपूर्वक. पहिल्या दोन सर्वांना आठवतात. माझ्यापुरता तिसरीचा अर्थ असा की बसण्याआधी तोंड धुवावे, सतरंजी झटकून सरळ घालावी आणि त्या वेळेला कोणी बोलावले तरी वीस मिनिटे थांबायला सांगावे.

तेव्हा ज्यांनी विचारले त्यांना माझे उत्तर असे: आधी सहावे प्रवचन, मग गुणरतन यांचे पुस्तक, आणि पहिली पन्नास पाने झाली की पुस्तक मिटून त्याच दिवशी दहा मिनिटे बसणे. उरलेली पाने महिनाभराने वाचली तरी चालतील, कारण त्यांतल्या अडचणी तोवर तुमच्या स्वतःच्या झालेल्या असतील. माझी ‘गीता-प्रवचने’ची प्रत सध्या धाकट्या जाऊबाईंकडे आहे. सहाव्या प्रवचनात खूण म्हणून माहेरच्या एसटीचे तिकीट आहे, ते तसेच राहू द्या, एवढे मी त्यांना सांगितले आहे.